मिसची लेस

कंप्युटर स्लो झाला की लोक शिव्या घालतात, टेबलावर हात आपटतात, कोणी देवाचं नाव घेतं. आमच्या मिस लेस विणायच्या.

गिरगावात एका गल्लीत लग्नपत्रिकांचा प्रेस होता, तिथे मी शिपाई. म्हणजे झाडू मारायचा, चहा आणायचा, कागदाची रिमं उचलायची, छापलेल्या पत्रिका गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायच्या आणि उरलेल्या वेळात भाऊंचं, म्हणजे मालकांचं, बोलणं खायचं. त्याच्या आधी मी परळला एका गिरणीत साळखात्यात साचे चालवायचो. साचा म्हणजे कापड विणायचा माग. चालवायचो म्हणजे काय, ते चालायचे आणि मी बघायचो. संप झाला तेव्हा सगळं लालबाग हवालदिल झालं, पण माझ्या साच्यांनी सुटकेचा श्वास टाकला असणार. गिरणी परत काही धड उघडली नाही. मग भाजी विकली, त्यातली अर्धी मीच खाल्ली. वॉचमन झालो, तर झोपलेला असताना चोर नाही आला, शेठच आला. असं करत करत हा प्रेस. शिक्षण चौथी. तीनदा बसल्यामुळे चौथी मात्र एकदम पक्की.

मिस खोताच्या वाडीतल्या. ख्रिश्चन, एकट्या, साठीला टेकलेल्या. फुलाफुलांचा फ्रॉक, पायात मोजे, आणि चष्म्याला काळी दोरी. आधी प्रेसमध्ये त्या टाइपरायटरवर इंग्लिश पत्रं टाइप करायच्या. मग खिळे जुळवणारे कंपोझिटर गेले आणि कंप्युटर आला. भाऊ पेपरात जाहिरात द्यायच्या विचारात होते, तोवर मिस जाऊन त्या खुर्चीत बसल्या. भाऊ म्हणाले, "मिस, मराठी टायपिंग आहे हे." मिस म्हणाल्या, "मग? मराठी काय फक्त तुमची आहे काय मॅन? आमच्या घरात काय चायनीज बोलतात?" तेव्हापासून गिरगाव, दादर, भायखळ्यापर्यंतच्या हिंदू पोरापोरींची लग्नं खोताच्या वाडीतल्या मिस लावून द्यायच्या.

लावून द्यायच्या असंच म्हणायला पाहिजे. कारण त्या पत्रिका नुसत्या टाइप करत नव्हत्या, मोठ्याने म्हणत म्हणत टाइप करायच्या. आमचे येथे श्रीकृपेकरून, असा सूर लागला की बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाचे हात आपोआप जोडले जायचे. आणि मजकुरात काही खटकलं की मशीन थांबली. एकदा एक गृहस्थ आले. पत्रिकेत आजोबा, पणजोबा, काका, मामा, सोसायटीचे चेअरमन, सगळी मंडळी. मिसनी कागद उलटा केला, सुलटा केला, आणि विचारलं की मुलीची आई कुठे आहे. गृहस्थ म्हणाले, घरी आहे. मिस म्हणाल्या, "घरी आहे ते बरं आहे. पण पत्रिकेत का नाही? पोरगी काय तुम्ही एकट्यांनी जन्माला घातली?" गृहस्थ तणतणत खाली उतरले. भाऊंनी कपाळाला हात लावला. अर्ध्या तासाने ते परत आले आणि कागदावर पेनाने आईचं नाव घालून दिलं, तेही सगळ्यांच्या वर. मुलीची आई खाली जिन्यात उभी असणार, असं आपलं मला वाटतं.

मिस कोणाला नावाने हाक मारत नव्हत्या. मी गिरणी. "ए गिरणी, चहा." मशीन दुरुस्त करायला कंपनीचा जो माणूस यायचा तो टाय, कारण तो भर उन्हात टाय लावून यायचा. आणि कंप्युटर म्हणजे मिस्टर. पडद्यावर ते वाळूचं घड्याळ आलं आणि काही हलेना झालं की मिस म्हणायच्या, मिस्टर विचार करतायत. त्याच्यासमोर स्लो म्हणायची कोणाला परवानगी नव्हती. मी एकदा म्हटलं तर मला बाहेर नेऊन, दार ओढून घेऊन, हळू आवाजात सांगितलं की असं तोंडावर बोलायचं नाही, तो मनाला लावून घेतो आणि मग आणखीच बसतो.

आणि लेस. क्रोशाची सुई फ्रॉकच्या खिशात, दोऱ्याचा गुंडा मांडीवर. पडद्यावर घड्याळ आलं की सुई बाहेर, घड्याळ गेलं की सुई खिशात. टाका अर्धा असला तरी अर्धाच ठेवायच्या. मी म्हटलं, मिस, तेवढा टाका तरी पुरा करा. तर म्हणाल्या, "भाऊ मला टायपिंगचा पगार देतो. वाट बघायचा टाइम तेवढा माझा." संध्याकाळी निघताना दिवसभराची पट्टी कापायच्या, सेफ्टीपिनने आदल्या दिवसाच्या पट्टीला अडकवायच्या आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या. ही लेस कशासाठी, असं विचारलं की म्हणायच्या, संपेल तेव्हा कळेल.

आता माझ्याकडची गोष्ट. मशीनची सेवा माझ्याकडे होती. कोणी दिली नव्हती, मी घेतली होती. गिरणीत आम्ही खंडेनवमीला साच्यांची पूजा करायचो, हार घालायचो, नारळ फोडायचो. आणि रोजचं काम म्हणजे तूस झाडणं. कापसाचं तूस साच्यात गेलं की साचा बिघडला. तेच माझ्या डोक्यात बसलेलं. त्यात भाऊंनी मशीनसाठी त्या खोलीत एसी लावला. मी घरी जाऊन हे कौतुकाने सांगितलं, तर आमची बायको मालवणची, तिला वेगळाच प्रश्न पडला. म्हणाली, "एवढ्या एसीत तेका थंडी नाय लागूची?"

मला ते एकदम पटलं. आमच्या घरात दोघांत मिळून जेवढी अक्कल, तेवढी एका दमात वापरली गेली. ट्रंकेत गिरणीचं कापड होतं. संपाच्या आधीच्या दिवाळीत आम्हाला मिळालेलं, माझ्याच खात्यात विणलेलं, जाड, पांढरं. वीस वर्षं बायकोने त्याला हात लावला नव्हता, पोरांचे कपडेसुद्धा त्यातून शिवले नव्हते. ते तिने काढलं, आत जुन्या लुगड्याचं अस्तर घातलं आणि टेबलाखाली जो मशीनचा डबा असतो, ज्याच्यात सगळा जीव असतो म्हणतात, त्याला मापाने खोळ शिवली. पुढच्या बटणापुरतं भोक आणि मागून वायर यायला फट. बाकी सगळं बंद. रोज सकाळी मिस यायच्या आधी मी मशीनला नमस्कार करायचो, उदबत्ती ओवाळायचो, खोळ झटकून परत नीट चढवायचो आणि नाडी बांधायचो. टेबलाला पुढून फळी होती, त्यामुळे डबा कोणाला दिसत नव्हता. बटण मीच दाबून ठेवायचो. मिसना फक्त पडदा दिसायचा.

तुम्हाला आता सगळं कळलं असेल. मला कळायला एक अख्खा लग्नाचा सीझन गेला.

मिस्टर बिघडले ते त्याच सीझनमध्ये. सकाळी बरे असायचे, दुपारी मिसनी एक अक्षर दाबलं की ते यायचं की नाही याच्यावर बाकावरची मंडळी पैज लावायला लागली. मी खाली जाऊन चहा घेऊन यायचो, गप्पा मारून यायचो, तरी घड्याळ तिथंच. मिसची लेस लांब लांब होत चालली. एका नवरीच्या बापाने तर भाऊंना विचारलं की पत्रिका बारशापर्यंत तरी मिळेल ना.

भाऊंनी टायला बोलावलं. साहेब येणार म्हटल्यावर मी काय केलं, तर आदल्या संध्याकाळीच खोळ काढून ठेवली. पाहुण्यासमोर मळकी खोळ बरी दिसत नाही. टाय आला, बसला, बटणं दाबली, मशीन नुसती पळत सुटली. तो म्हणाला सगळं ओके आहे. तो गेला, मी खोळ चढवली, दुपारी मिस्टर परत विचारात. असं तीनचार वेळा झालं. शेवटच्या वेळी टायने भाऊंना बाजूला घेतलं आणि म्हणाला की मशीनमध्ये फॉल्ट नाही, ऑपरेटर बदलून बघा. बाजूला घेतलं तरी प्रेस केवढा, सगळ्यांना ऐकू गेलं.

भाऊ माणूस वाईट नव्हता. पण गिऱ्हाईक तुटत होतं. त्यांनी मिसना बसवलं आणि गोड शब्दांत सांगितलं की आता डोळ्यांना त्रास होत असेल, आराम करा, एक तारखेपासून क्लासमधून शिकलेली एक मुलगी येणार आहे.  घड्याळ पडद्यावर होतं तरी मिसची सुई खिशातच राहिली.

भाऊ बाहेर गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. पहिल्यांदाच गिरणी म्हणाल्या नाहीत.

"खरं सांग रे. मी स्लो झाले काय?"

 गिरणी बंद झाली तेव्हा मी गेटवर उभा राहून असाच विचार करायचो की माझ्याच कामात खोट होती की काय. आता मिसच्या तोंडावर तोच विचार दिसत होता. मी म्हटलं, "मिस, तुम्ही स्लो असाल तर मग मी थांबलेलोच आहे." त्या हसल्या नाहीत. पण डबा पुढे ओढला.

बिस्किटांच्या डब्यातून सगळी लेस बाहेर काढली आणि टेबलावर पसरली. पिनेपासून पिनेपर्यंत एकेका दिवसाची पट्टी. टेबल संपलं, खुर्ची संपली, मला हात पुढे करून कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा उभा केला. मिस चष्मा वर करून एकेक पट्टी बोटांनी चाचपत होत्या. बऱ्याच पट्ट्या हातभर. आणि मध्येच एका ठिकाणी पाचसहा पट्ट्या अगदी बोटभर.

"ह्या आठवड्यात मिस्टर पळत होते," मिस म्हणाल्या. "हा कुठला आठवडा?"

मला काय माहीत. मला वारसुद्धा पगाराच्या दिवशीच कळतो. मिस डोळे मिटून बसल्या आणि मग म्हणाल्या की त्या आठवड्यात रोज त्यांचं डोकं दुखत होतं, कारण वेळेवर चहा नव्हता. चहा नव्हता, कारण गिरणी शिमग्याला गावी गेला होता.

मिसनी माझ्या हातांवरची लेस गुंडाळायला घेतली.

"म्हणजे तू असलास की तो झोपतो," मिस म्हणाल्या.

मी म्हटलं असेल, मी असलो की गिरणीतला जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, तोसुद्धा झोपायचा. पण मिसनी ते मनावर घेतलं होतं. आधी संशय गेला चहावर. चहाच्या वाफेने मिस्टरना त्रास होत असेल म्हणून आत चहा बंद. फरक नाही, फक्त मिसचं डोकं दुखलं. मग संशय गेला माझ्या विडीवर. विडी बंद. फरक नाही, फक्त माझं डोकं दुखलं. महिना संपायला आला. तेव्हा मिस म्हणाल्या, उद्या सकाळी मी तुझ्याबरोबर येते. तू रोज जे करतोस ते कर, समज मी नाहीच.

आता कोणी मागे उभं असताना रोजच्यासारखं कसं करणार. झाडू मारला तर तोही लाजत लाजत. मिस कोपऱ्यात पर्स छातीशी धरून उभ्या. मी चपला काढल्या, मशीनला नमस्कार केला. मिसनी मान हलवली, ह्यात काही नाही. उदबत्ती ओवाळली. मिसनी धुराकडे बघितलं, नाक मुरडलं, म्हणाल्या, पुढे. मग मी टेबलाखाली शिरलो, खोळ झटकली, डब्याला चढवली, नाडी बांधली, बटण दाबलं आणि बाहेर आलो.

"खाली काय केलंस?"

"काही नाही मिस. पांघरूण घातलं."

मिस त्या वयात, फ्रॉक सांभाळत, गुडघ्यांवर बसल्या आणि टेबलाखाली शिरल्या. बराच वेळ नुसते मोजे दिसत होते. मला म्हणाल्या, खुर्चीत बस आणि काहीतरी दाबत राहा. मी दाबत राहिलो. त्या दिवशी कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेत मी काय काय दाबलं ते देवाला माहीत. थोड्या वेळाने खालून हात आला, माझा हात धरला आणि खोळीच्या आत घातला. तवा असतो तसा डबा तापला होता. आणि आतून एक पंखा गरगरत होता, बिचारा, तोंडावर उशी दाबलेल्या माणसासारखा. त्याला पंखा असतो हेच मला माहीत नव्हतं. शिमग्याला जाताना खोळ धुवायला घरी नेली होती, हेही तेव्हाच आठवलं.

मिस बाहेर आल्या. केसांत जळमटं, चष्मा दोरीला लोंबकळत. मला वाटलं आता पर्स डोक्यात बसणार.

"एसी आहे म्हणून गोधडी घातलीस?"

"एसी आहे आणि धूळ आहे. मिस, गिरणी बंद पडली तेव्हा माझ्या हातात काय नव्हतं. म्हटलं ही तरी बंद पडू नये."

मिसनी खोळ सोडवली, कापड बोटांत घेऊन चोळून बघितलं. बराच वेळ चोळत राहिल्या. "तू विणलंस?"

"मी कसला. साच्याने विणलं. मी बघत होतो."

"छान बघितलंस," मिस म्हणाल्या. खोळीची घडी केली आणि पर्समध्ये ठेवून दिली.

त्या दिवशी मिस्टर सुटले. दुपार झाली, तरी पळतायत. मिस एकामागून एक लग्नं लावतायत, बाकावरची मंडळी उठतायत, जिन्यात चपला वाजतायत. संध्याकाळपर्यंत सुई एकदाही खिशातून बाहेर आली नाही, त्यामुळे मिस थोड्या चिडलेल्याच होत्या. भाऊ दारात येऊन उभे राहिले. विचारलं, टाय येऊन गेला काय. मिस म्हणाल्या, टाय कशाला, मिस्टरना ताप होता, उतरला. कसला ताप, म्हणून भाऊंनी विचारलं. मिसनी माझ्याकडे बोट केलं आणि पर्समधून खोळ काढून टेबलावर ठेवली. मी गोष्ट सांगितली. सांगताना बायकोचा भाग जरा वाढवून सांगितला, तेवढंच आपल्यावर कमी.

भाऊंनी खोळ उचलली. भोकात बोट घातलं, फटीतून बघितलं, नाडी ओढून बघितली. मग खुर्चीत बसले आणि एवढे हसले की खालचा मशीनवाला काय झालं बघायला वर आला. हसू संपल्यावर त्यांनी तिथूनच फोन लावला आणि त्या क्लासमधल्या मुलीला सांगितलं की सध्या येऊ नका. फोन ठेवून म्हणाले, "मिस, सॉरी."

मिस पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "मला नको सांगू. त्याला सांग. त्याच्यासमोर ऑपरेटर बदला म्हणाले ते लोक."

आणि भाऊंनी, गळ्याशपथ सांगतो, कंप्युटरला सॉरी म्हटलं.

खोळ मला परत मिळाली नाही. मी एकदोनदा विचारलं, तर मिस म्हणायच्या, कामाला लाग. मशीनच्या डब्यावर आता लेसचा एक चौकोन असायचा, नुसता वर, टोपीसारखा. म्हणाल्या, याला जाळी चालते, श्वास घेता येतो. उदबत्ती मला लांबून दाखवायची परवानगी होती. टेबलाची पुढची फळी मिसनी काढून टाकायला लावली, म्हणजे मी खाली काय करतो ते दिसावं.

दोन वर्षांनी माझ्या पोरीचं लग्न ठरलं. पत्रिका मिसनीच टाइप केली, मोठ्याने म्हणत म्हणत, आणि आमच्या बायकोचं नाव मी सांगायच्या आधीच वर घातलं. लग्नाच्या दिवशी त्या लालबागच्या हॉलवर आल्या, निळा फ्रॉक, नवीन मोजे, हातात तोच बिस्किटांचा डबा. सरळ रुखवताच्या टेबलाशी गेल्या. रुखवत म्हणजे आमच्याकडे मुलीच्या घरच्यांनी हाताने केलेल्या वस्तू मांडतात ते. आमच्या मांडणीत दोन लाडू, चार चमचे आणि टिकल्यांचा एक मोर. मिसनी सगळं बाजूला केलं आणि डब्यातून एक कापड काढून टेबलावर पसरलं.

तेच गिरणीचं कापड. खोळ उसवून, धुऊन, इस्त्री करून, भोक होतं तिथे फूल विणून. आणि चारही बाजूंनी त्या सीझनभराची लेस, पट्टीला पट्टी जोडून, एवढी रुंद की टेबलावरून खाली जमिनीला टेकली.  बायको पदराने कापडाचा एक कोपरा नुसता पुसत राहिली, त्याला काही लागलेलं नव्हतं तरी.

नवऱ्याकडच्या बायका जमल्या. हात लावून बघतायत, एकमेकींना दाखवतायत. त्यांच्यातल्या एका म्हातारीने मला विचारलं, हे विणलं कोणी. मी म्हटलं, मधलं गिरणीने आणि कडेचं कंप्युटरने.  तिला वाटलं, मुलीचा बाप सकाळीच घेऊन आलाय.

मिस मागे खुर्चीत बसून लाडू खात होत्या. तिथूनच म्हणाल्या, "खरं बोलतो तो. मिस्टर फास्ट असते तर एवढं झालं नसतं."